डिझायनरच्या टेबलावर कोणता कॉम्प्युटर?

साकीनाक्याच्या खैरानी रोडवर किंवा साकी विहार रोडच्या एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टूलरूमच्या गाळ्यात शिरलात, की मांडणी बहुधा ओळखीचीच असते. खाली व्हीएमसी, स्पार्क मशीन, सरफेस ग्राइंडर, कोपऱ्यात कॉम्प्रेसर. लोखंडी जिन्याने वर गेलं की पोटमाळ्यावर डिझायनरचं टेबल. खालची मशीनं मालक महिना महिना चौकशी करून घेतो. टेबलाचा आकार, स्पिंडलचा वेग, कंट्रोलर फानूकचा की सीमेन्सचा, सर्व्हिसला माणूस कुठून येणार, सगळं विचारून झाल्यावरच टोकन देतो. वरचा कॉम्प्युटर मात्र भाच्याच्या ओळखीतल्या असेंबलरकडून एका फोनवर येतो. "आय-सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम, एकदम भारीतला," एवढ्यावर सौदा होतो. पुढे मोल्डची असेंब्ली उघडायला पाच पाच मिनिटं लागायला लागली, की खापर फुटतं सॉफ्टवेअरवर, नाहीतर डिझायनरवर.

हा लेख त्या टेबलासाठी आहे. मोल्ड, डाय, जिग-फिक्स्चर, शीट मेटल अशी कामं करणाऱ्या छोट्या कारखान्याने कॅड-कॅमसाठी कॉम्प्युटर आणि ऑपरेटिंग सिस्टिम कशी निवडावी, एवढाच त्याचा आवाका.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून

नेहमीचा क्रम असा असतो: आधी डबा, त्यात जे विंडोज आलं ते, आणि शेवटी सॉफ्टवेअर. हा क्रम उलटा करायला हवा. कशावर काम करायचं ते आधी ठरलं, की ऑपरेटिंग सिस्टिम जवळजवळ आपोआप ठरते. हार्डवेअरचा नंबर सगळ्यात शेवटी.

सॉलिडवर्क्स १९९५ साली आलं तेच विंडोजसाठी, आणि आजही ते विंडोजवरच चालतं. मास्टरकॅम आणि पॉवरमिलचंही तसंच. ऑटोकॅडची मॅकसाठीची आवृत्ती २०१० साली परत आली, पण विंडोजमधल्या सगळ्या सोयी तिच्यात नाहीत. फ्यूजन दोन्हींवर चालतं. लिनक्सवर यांपैकी एकही सॉफ्टवेअर मिळत नाही. तेव्हा टूलरूमसाठी विंडोज की लिनक्स हा वाद चहाबरोबर घालायला ठीक आहे, खरेदीच्या वेळी तो निकालात निघालेला असतो.

विंडोजची कोणती आवृत्ती, हा प्रश्न मात्र खरा आहे. सॉलिडवर्क्सच्या अटींमध्ये होम आवृत्ती बसत नाही, प्रो लागते. दुकानात तयार मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपवर होम असतं, आणि कोटेशनमध्ये नुसतं 'विंडोज ११' लिहिलेलं असतं. प्रोमध्ये बाहेरून रिमोट डेस्कटॉपने आपल्या कॉम्प्युटरवर येण्याची सोयही आहे. रात्री घरून टूलपाथ लावून ठेवणाऱ्या प्रोग्रामरला तिचा उपयोग होतो. प्रो फॉर वर्कस्टेशन्स नावाची आणखी महाग आवृत्ती आहे, ती चार प्रोसेसरांच्या मशीनसाठी. आपल्याला तिची गरज नाही.

आता गिऱ्हाईकाचा धागा धरा. गिऱ्हाईकाने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली, की त्याची मूळ फाइल तुमच्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही. बहुतेक वेळा स्टेप फाइल मागावी लागते, आणि तीत फीचर्सचा इतिहास नसतो. म्हणून तुम्ही सॉफ्टवेअर नवं घेता. त्याला नवं विंडोज लागतं. नव्या विंडोजला नवा प्रोसेसर. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, नाहीतर रायझन २००० मालिकेचा किंवा पुढचा लागतो. एका गिऱ्हाईकाच्या एका फाइलपायी अख्खा कॉम्प्युटर बदलायची वेळ येते ती अशी. सॉफ्टवेअर वर्षागणिक भाड्याने घेणाऱ्यांकडे ही वेळ लवकर येते.

आणि क्रॅक. साकीनाक्यात हा शब्द समजावून सांगायला नको. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच कॉम्प्युटरवर गिऱ्हाईकाची गोपनीय ड्रॉइंग्ज असतात. हार्डवेअरवर दीड लाख आणि सॉफ्टवेअरवर शून्य, हे गणित मला कधी पटलेलं नाही. त्यापेक्षा हलका कॉम्प्युटर घ्या आणि लायसन्स खरं घ्या.

आधी बघा, थांबतो कुठे

नवं काही घेण्याआधी जुन्या कॉम्प्युटरवर दोन दिवस लक्ष ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचं सगळ्यात जड काम लावा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क, जीपीयू यांचे आलेख बघत बसा. ज्या वेळी डिझायनर हात बांधून बसलेला असतो, त्या वेळी कोणता आलेख वर आहे? पैसे तिथे घालायचे. बाकीच्या ठिकाणी घातलेला पैसा दिसत नाही, जाणवतही नाही.

मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत खडखडत असेल, तर रॅम कमी पडते आहे. फाइल उघडताना नेटवर्कचा आलेख एका उंचीवर सपाट होऊन बसला असेल, तर दोष वायरीत किंवा स्विचमध्ये आहे. सगळ्यात फसवा आहे तो सीपीयूचा आलेख. त्यासाठी वेगळा मथळा लागेल.

सहा टक्क्यांचं गूढ

डिझायनर सांगतो, "सर, मशीन हँग आहे." मालक टास्क मॅनेजर बघतो, तर सीपीयू सात टक्के. मालकाचा निष्कर्ष: मशीन तर रिकामं आहे, हा माणूसच कामचुकार आहे.

खरं काय चाललं आहे? समजा प्रोसेसरला आठ कोअर आणि सोळा थ्रेड आहेत. टास्क मॅनेजर सोळा थ्रेड मिळून शंभर टक्के धरतो. म्हणजे एक थ्रेड घाम गाळून पूर्ण क्षमतेने धावत असला, तरी आकडा दिसणार शंभर भागिले सोळा, सव्वासहा टक्के. टर्बोमुळे किंचित जास्त. शिवाय विंडोज हे काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे कोअरनिहाय आलेख उघडून पाहिले तरी एकही छताला टेकलेला दिसत नाही. मशीन रिकामं दिसतं, पण तुमचं काम त्याच्या टोकाच्या वेगाने चाललेलं असतं.

असं का? सॉलिडवर्क्ससारख्या पॅरामेट्रिक सॉफ्टवेअरमध्ये पार्ट म्हणजे फीचर्सची साखळी असते. आधी ब्लॉक, मग पॉकेट, मग ड्राफ्ट, मग फिलेट, मग शेल. फिलेट कोणत्या कडेवर घ्यायचा ते पॉकेट तयार झाल्याशिवाय कळत नाही. म्हणून मधलं एक माप बदललं, की त्याच्या पुढचं सगळं ओळीने पुन्हा मोजावं लागतं. खालच्या गाळ्यातलाच न्याय इथे लागू होतो: रफिंग झाल्याशिवाय फिनिशिंग नाही, आणि एका जॉबवर एका वेळी पाच व्हीएमसी लावता येत नाहीत. कोअर वाढवले तरी ही ओळ लांबच राहते. ती लवकर संपते ते एकेक कोअर जास्त वेगाने धावला तरच.

जीन अॅमडाल यांनी १९६७ साली हीच गोष्ट गणितात मांडली. एखाद्या कामाचा नव्वद टक्के भाग ओळीनेच करावा लागत असेल, तर सोळा कोअर लावूनही ते एका कोअरच्या सुमारे १.१ पट वेगानेच होतं. उलट नव्वद टक्के भाग वाटून देता येत असेल, तर तेच सोळा कोअर सहापटीहून जास्त वेग देतात. प्रोसेसर तोच, किंमत तीच. फरक पडला तो कामाच्या जातीने.

टूलरूममधल्या कामांच्या जाती साधारण अशा पडतात. मॉडेलिंग, रीबिल्ड, ड्रॉइंग, ऑटोकॅडमधलं टू-डी: ही सगळी ओळीतली कामं. इथे सहा-आठ वेगवान कोअर पुरतात, आणि कोटेशनमध्ये बघायचा आकडा म्हणजे एका कोअरचा टर्बो वेग आणि प्रोसेसरची पिढी. टूलपाथची मोजणी वाटून देता येते, मास्टरकॅम आणि पॉवरमिल त्यासाठी अनेक कोअर वापरतात. गिऱ्हाईकाला दाखवायची चकचकीत रेंडर चित्रं तर शेवटच्या थ्रेडपर्यंत सगळं खातात. मोल्डमध्ये प्लॅस्टिक कसं भरेल याचं सिम्युलेशन मधल्या गटातलं. त्याला कोअर हवे असतात, पण एका हद्दीनंतर मेमरीकडून आकडे पोचायला वेळ लागतो आणि जादा कोअर नुसते बसून राहतात. काही सिम्युलेशन सॉफ्टवेअरांचं लायसन्सही कोअरच्या संख्येवर असतं. चार कोअरचं लायसन्स घेऊन सोळा कोअरचं मशीन घेणारे लोक असतात.

दोन डिझायनर आणि एक प्रोग्रामर असेल, तर तिघांना सारखीच मशीन घेऊ नका. मालकांना सारखेपणा आवडतो, कारण भांडणं होत नाहीत. पण डिझायनरला कमी कोअरचं वेगवान आणि प्रोग्रामरला जास्त कोअरचं, असं घेतलं तर तेवढ्याच पैशांत दोघांचंही काम लवकर उरकतं.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीबद्दल एक सूचना. या पिढ्यांचे ६५ वॅट किंवा त्याहून मोठे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होत होते. कंपनीने २०२४च्या ऑगस्टपासून मायक्रोकोडचे सुधार दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ते सुधार बायोस अपडेटमधून येतात. आधीच झालेलं नुकसान मात्र त्यांनी भरून निघत नाही. अशा पिढीचं वापरलेलं मशीन घेत असाल, तर बायोस कोणत्या तारखेचं आहे ते विचाराच.

रॅम

छोट्या मोल्डसाठी ३२ जीबी, मोठ्या असेंब्ली किंवा सिम्युलेशनसाठी ६४ जीबी. सोळा जीबीवर सॉलिडवर्क्स चालतं, पण शेजारी मास्टरकॅम, ब्राउझर आणि व्हॉट्सअॅप उघडं असतं, आणि साकीनाक्यात ते उघडं असतंच.

एकच स्टिक घेऊ नका. दोन सारख्या स्टिक लावल्या की प्रोसेसर दोन मार्गांनी मेमरीशी बोलतो. '३२ जीबी' म्हणून एकच स्टिक लावून दिली, की अर्धा रस्ता बंद. "पुढे वाढवता येईल" हे त्याचं समर्थन असतं. पण डीडीआर५ मध्ये चार स्टिक लावल्या तर बहुतेक बोर्डांवर वेग उतरतो. म्हणून पहिल्यांदाच दोनची योग्य जोडी घ्यावी. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरांकडे कारखान्यांचा माल वळला. तेव्हा महिन्यापूर्वीचं कोटेशन दाखवून घासाघीस करण्यात अर्थ नाही.

ग्राफिक्स कार्डाचा मोह

असेंबलर इथे गेमिंगचं कार्ड सुचवतो, कारण त्याचं बहुतेक गिऱ्हाईक गेमिंगचं असतं. कॅडमध्ये कार्डाचं काम मॉडेल फिरवून दाखवण्यापुरतं आहे. रीबिल्ड आणि टूलपाथ प्रोसेसरवर होतात. सॉलिडवर्क्स एनव्हिडियाच्या आरटीएक्स व्यावसायिक मालिकेची आणि एएमडीच्या रेडिऑन प्रोची काही ठरावीक कार्डं, ठरावीक ड्रायव्हरसह, प्रमाणित करतं. यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. गेमिंग कार्डावर सॉफ्टवेअर चालतं, पण रिअलव्ह्यू अधिकृतपणे मिळत नाही. शिवाय कधी कडा गायब झाल्या, सेक्शन व्ह्यूमध्ये काळे डाग आले, तर सपोर्टवाला पहिला प्रश्न कार्डाचाच विचारतो.

आरटीएक्स ए१००० हे कार्ड उदाहरणादाखल घ्या: ८ जीबी मेमरी, ५० वॅट वीज, वेगळी पॉवर केबल नको. मध्यम मोल्डच्या कामाला तेवढं पुष्कळ. मोठ्या कार्डाची गरज पडते ती कार्डावरच रेंडर करत असाल तेव्हा. तिथे मुख्य अट एकच: अख्खा सीन कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे.

लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, की नाव सारखं म्हणजे कार्ड सारखं नव्हे. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कंपनीनुसार ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कसंही लावलेलं असतं. वॅट विचारा.

डिस्क आणि वायर

डिस्कबद्दल फार लिहिण्यासारखं राहिलेलं नाही. एनव्हीएमई एसएसडी घ्या, एक टीबी. तिसरी, चौथी, पाचवी पिढी यांतला फरक कॅडमध्ये डोळ्यांना दिसत नाही. फिरती हार्ड डिस्क आता बॅकअपपुरती.

वायरीबद्दल मात्र सांगायला हवं. बऱ्याच गाळ्यांत सगळ्या फाइली एका जुन्या कॉम्प्युटरवर असतात आणि सगळे तिथूनच उघडतात. स्विच शंभर एमबीपीएसचा असेल, तर सेकंदाला जेमतेम ११ एमबी येतात. सहाशे एमबीची असेंब्ली उघडायला जवळपास मिनिट जातं. गिगाबिटवर तेच पाच-सहा सेकंदांत होतं. गिगाबिट स्विच काही शे रुपयांत मिळतो. पण गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभरच्या वेगाला चार पुरतात. उंदराने एक जोडी कुरतडली किंवा जॅक नीट बसला नाही, तर जोडणी गुपचूप शंभरवर येते आणि सगळं चालू दिसतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड दिसतो. तिथे शंभर दिसलं, तर नवा कॉम्प्युटर घेण्याआधी वायर बदला.

लिनक्सची जागा

टूलरूमच्या मुख्य टेबलावर लिनक्सला जागा नाही, हे वर आलंच. पण गाळ्याबाहेर जड कामांचं जग मोठं आहे. अंधेरीतल्या व्हीएफएक्स स्टुडिओंमध्ये माया, हूडिनी, न्यूक ही सॉफ्टवेअरं विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतात, आणि मोठे स्टुडिओ लिनक्सच पसंत करतात. दाविंची रिझॉल्व्हही तिन्हींवर आहे. फक्त त्याची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४चे व्हिडिओ उघडत नाही, आणि बहुतेक कॅमेऱ्यांचं फुटेज त्यातच असतं. अशी अट आधी वाचली नाही की रविवार वाया जातो.

इंजिनिअरिंगमध्ये लिनक्स शोभतो तो सिम्युलेशनला. प्रवाहाचा अभ्यास करणारं ओपनफोम २००४ साली मुक्त झालं. ते लिनक्सवरच वाढलं. साकीनाक्यापासून साकी विहार रोडने पवईला गेलं की आयआयटी मुंबई लागते. तिथला फॉसी प्रकल्प ओपनफोम, सायलॅब, ई-सिम अशी मुक्त सॉफ्टवेअरं रुजवण्याचं काम करतो. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत. नवा मुलगा कामाला ठेवला असेल, तर त्याच्या हाती हे धडे द्यायला हरकत नाही. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४मध्ये आली आणि ती विंडोजवरही चालते. फिक्स्चर, ब्रॅकेट, प्लेट यांना ती पुरते. मोबाइलच्या कव्हरसारख्या वळणावळणाच्या पृष्ठभागांचा मोल्ड तिच्यावर करायला मी कुणाला सांगणार नाही.

मॅकचं थोडक्यात: २०२०च्या अखेरीपासून अॅपलने स्वतःच्या चिप आणल्या, बूट कॅम्प गेलं, आणि विंडोज चालवायचं तर आर्म आवृत्ती पॅरलल्समधून चालवावी लागते. सॉलिडवर्क्स त्याला आधार देत नाही. फ्यूजनवरच राहणार असाल तरच मॅकचा विचार करा, आणि रॅम पहिल्याच दिवशी पुरेशी घ्या, कारण नंतर वाढत नाही.

मशीनला जोडलेला जुना पीसी

प्रत्येक टूलरूममध्ये एक कॉम्प्युटर असा असतो, ज्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. मळकट पांढरा डबा, विंडोज एक्सपी, मागे सीरियल पोर्ट, आणि तिथून आरएस-२३२ची लांब केबल थेट सीएनसीच्या कंट्रोलरला. जुन्या फानूक कंट्रोलरमध्ये मेमरी कमी, म्हणून लांबलचक प्रोग्राम थोडा थोडा पाठवत राहावं लागतं. काही कंट्रोलरांच्या पोटातच विंडोज आहे: सीमेन्सच्या सिन्युमेरिक ८४०डी बरोबर येणारी पीसीयू ५० ही एनटी किंवा एक्सपीवर चालते.

नवा कॉम्प्युटर घेताना हा जुना डबाही बदलावा असं वाटतं. माझं मत उलट आहे. तो चालतोय तोवर चालू द्या, फक्त त्याचं नेट तोडा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तेव्हापासून तो उघडा आहे. जून २०१७मध्ये नॉटपेट्या हा मालवेअर जगभर पसरला, तेव्हा न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. ऑगस्ट २०१८मध्ये तैवानच्या टीएसएमसीच्या चिप-कारखान्यांमध्ये वॉनाक्रायचा एक प्रकार शिरला, कारण नवं मशीन तपासणी न करता जाळ्यात जोडलं गेलं होतं. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर गाळ्यातल्या एक्सपीला वायफायचा डोंगल कशाला?

पेन ड्राइव्हही ठरलेला एकच ठेवा, आधी नव्या कॉम्प्युटरवर तपासून मग खाली न्यायचा. जुन्या डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा, कारण त्यातलं प्रोग्राम पाठवणारं डीएनसी सॉफ्टवेअर आणि त्याची सेटिंग्ज दुसरीकडे कुठेही नसतात. लायसन्सचा डोंगल पॅरलल पोर्टचा असेल, तर नव्या मशीनवर तो लागणारच नाही हेही आधी लक्षात घ्या. नव्या कॉम्प्युटरवरून थेट प्रोग्राम पाठवायचे असतील, तर यूएसबी ते सीरियल कन्व्हर्टर विद्युत-विलग प्रकारचा घ्या. मशीन आणि कॉम्प्युटर यांच्या अर्थिंगमध्ये फरक असला, की पोर्ट जळतो. साध्या कन्व्हर्टरमध्ये वाचवलेले पैसे कंट्रोलरच्या बोर्डात जातात.

जुनं वर्कस्टेशन घ्यावं का

रिफर्बिश्ड डेल प्रिसिजन किंवा एचपी झेड बाजारात स्वस्तात मिळतात. डबा मजबूत, पॉवर सप्लाय उत्तम, ईसीसी रॅम. विकणारा सांगतो, "दोन झिऑन, अठ्ठावीस कोअर, छप्पन थ्रेड." झिऑन ई५-२६८० व्ही४ घेतला, तर त्यात चौदा कोअर आहेत, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.३, आणि तो २०१६चा आहे. मॉडेलिंगला तो आजच्या साध्या आय-फाइव्हच्या मागे राहतो. टास्क मॅनेजर दोन टक्केसुद्धा दाखवणार नाही आणि डिझायनर बसून राहील. शिवाय विंडोज ११च्या यादीत तो नाही. रात्रभर रेंडर किंवा लिनक्सवर सिम्युलेशन चालवायचं असेल, तर हेच मशीन सोन्यासारखं. कॅडच्या टेबलावर नको.

माळ्यावरची हवा, खालची वीज

पोटमाळा पत्र्याखाली असतो आणि खालची सगळी गरम हवा तिथेच जमते. मे महिन्यात प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे टर्बोसाठी मोजलेले पैसे दुपारभर वाया. प्रोसेसरवर मोठा एअर कूलर, समोरून हवा घेणारी कॅबिनेट आणि धुता येईल असा फिल्टर एवढं तरी करा. टूलरूममधली धूळ ही घरातल्या धुळीसारखी नसते. स्पार्कसाठी ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड कापत असाल, तर ती पावडर विजेची वाहक असते. मदरबोर्डावर तिचा थर बसला, की पावसाळ्याच्या दमट हवेत काहीही होऊ शकतं. दर महिन्याला ब्लोअर मारा, पण खालच्या कॉम्प्रेसरची नळी नको, तिच्यातून पाणी आणि तेल येतं.

तरी कॉम्प्युटर माळ्यावरच बरा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मिठी नदी साकीनाक्यापासून लांब नाही. बॅकअपची डिस्क मात्र गाळ्यात ठेवू नका, घरी न्या.

विजेचं म्हणाल, तर वेल्डिंग आणि कॉम्प्रेसर ज्या फेजवर आहेत त्याच फेजवर कॉम्प्युटर नको. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल, तर आधी अर्थिंग सुधारा. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. जड रेंडरला तो अपुरा. चांगल्या पॉवर सप्लायना शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लागतो. नाहीतर वीज गेल्या क्षणीच कॉम्प्युटर बंद पडू शकतो, म्हणजे यूपीएस असून नसल्यासारखा.

लॅमिंग्टन रोडला जाताना

मुंबईत कॉम्प्युटरची खरेदी म्हणजे लॅमिंग्टन रोड. त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदाराच्या कार्डावर दोन्ही नावं असतात. ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली, त्यामुळे साकीनाक्याहून मरोळ नाका एक स्टेशन, तिथे गाडी बदलून थेट ग्रँट रोड. लोकलच्या गर्दीतून मॉनिटर सांभाळत यायची कसरत आता टळली आहे.

जाण्याआधी एमएसएमईच्या विकास कार्यालयात एखादी योजना चालू आहे का ते विचारून घ्या. ते साकीनाक्यातच, कुर्ला-अंधेरी रस्त्यावर आहे. डिझायनरला कॅड-कॅमचं प्रशिक्षण द्यायचं असेल, तर चुनाभट्टीची आयडीईएमआय ही संस्था आहे.

कोटेशन तीन दुकानांतून घ्या, पण तिन्ही एकाच यादीवर: प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती स्टिक आणि कोणता वेग, एसएसडीचं मॉडेल, पॉवर सप्लायची कंपनी आणि वॅट, विंडोज प्रोचं खरं लायसन्स. 'समतुल्य' हा शब्द यादीत येऊ देऊ नका. बिल पक्कं घ्या. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं आणि आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के दराने घसारा मिळतो, म्हणून कच्च्या बिलाची सूट बहुधा तोट्यात जाते. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा, कारण वॉरंटी डब्याची नसते, भागांची असते.

गाळ्यात आणलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलं, तर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. तिची रिकव्हरी की कागदावर उतरवून बिलाच्या फाइलमध्ये लावा. खातं डिझायनरच्या खासगी ईमेलवर नको, गाळ्याच्या ईमेलवर उघडा. डिझायनर नोकरी सोडून शेजारच्या इस्टेटमध्ये जातात, आणि की त्यांच्याबरोबर जाते.

आणि दुकानात पैसे देण्याआधी आपली सगळ्यात जड फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा. सॉफ्टवेअर तिथे नसेल, तर आपल्या लायसन्सवर अर्ध्या तासासाठी लॉगिन करा, फाइल उघडा, मधलं एक माप बदला आणि रीबिल्डला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. हेच माप आदल्या दिवशी जुन्या कॉम्प्युटरवर घेतलेलं असावं. काही दुकानदार कुरकुरतात, पण दीड-दोन लाखांच्या गिऱ्हाईकाला सहसा नाही म्हणत नाहीत.